मला लिहिलं, मले ऐकलं

जयताळा रोडवरच्या त्या घरात वरच्या खोलीत राहायला गेले, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे माझी अशी समजूत होती की खालच्या घरमालकीणबाईंना स्वतःशीच भांडायची सवय आहे.

मी सांगलीची. हिंगण्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून नागपूरला आले. सकाळी चौकात कंपनीची बस यायची, त्याआधी माझी आवराआवर चाले, आणि जिन्यातून खालचं बोलणं वर यायचं. बाई विचारायच्या, चहा ठेवू का. मग थोडा वेळ शांतता. मग त्याच बाई त्याच आवाजात सांगायच्या, ठेव, पण साखर कमी टाक. परत त्याच म्हणायच्या, काल कमी टाकली तर तोंड वाकडं केलं. पुन्हा शांतता. आणि पुन्हा त्यांचंच उत्तर, काल कडू झाला होता. एवढं व्यवस्थित, एकमेकांना वेळ देत स्वतःशी भांडणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. घरी फोन केला तेव्हा आईला म्हटलं, जागा चांगली आहे, फक्त घरमालकीण जरा वेगळी आहे.

घरमालकीण काही वेगळी नव्हती. वेगळे होते ते घरमालक, म्हणजे काका.

एका रविवारी पाण्याची मोटर लावायला सांगायला खाली गेले, तेव्हा उलगडा झाला. समोरच्या खोलीत चाकाच्या खुर्चीत माझ्याच वयाची एक मुलगी बसली होती. पुढ्यात लॅपटॉप. उजव्या हाताच्या एका बोटाने ती एकेक अक्षर दाबत होती, मान जरा कलती, डोळे पडद्यावर. तिचं टाइप करून झालं आणि लॅपटॉपमधून काकूंचा आवाज आला, "ये ना, बस. तू वरची ना?" मी चमकून स्वयंपाकघराकडे पाहिलं. काकू दारात उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड बंद होतं.

ती प्रज्ञा, काका-काकूंची एकुलती एक मुलगी. जन्मताना मेंदूला इजा झाली, त्यामुळे हातपाय नीट चालत नव्हते आणि जिभेला शब्द जमत नव्हते. हो-नाहीसाठी तिचे दोन हुंकार होते, ते घरच्यांना कळायचे. बाकी डोकं लख्ख. लेखनिक घेऊन बी.ए. झालेली, मराठीच्या पुस्तकांनी तिच्या पलंगाची बाजू भरलेली. आणि तिचा आवाज म्हणजे तिच्या आईचा आवाज, काकांनी ती लहान असताना रेकॉर्ड करून संगणकात घातलेला.

काका खापरखेड्याच्या वीजकेंद्रात उपकरणांच्या विभागात अभियंता होते, मी गेले तेव्हा निवृत्त झाले होते. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर. कुणाशी बोलताना ते एखादी गोष्ट विचारायचे आणि मग डोळे मिटून थांबायचे. समोरच्याने लगेच उत्तर दिलं तरी त्यांचा चेहरा तसाच, जणू उत्तर अजून यायचं आहे. आणि त्यांना काही विचारलं तर तेवढाच वेळ घेऊन बोलायचे. फोनवर लोकांना वाटायचं लाइन गेली, आणि ते ठेवून द्यायचे. दूधवाला तर त्यांच्याशी बोलायचंच टाळत असे. मलाही आधी वाटलं, ऐकायला कमी येत असेल. पुढे कधीतरी लक्षात आलं की या घरात वीस-बावीस वर्षं संभाषणाचा वेगच तो आहे. प्रश्न विचारायचा, आणि एका बोटाने वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचं. काकांना तो वेग बाहेरच्या जगात शिरताना काढून ठेवता येत नसे.

उन्हाळ्यात घरातला एकमेव मोठा कूलर ते लॅपटॉपच्या दिशेने लावायचे आणि स्वतः खिडकीपाशी घाम पुसत बसायचे. काकूंनी टोकलं तर म्हणायचे, मले घाम तरी येते, त्याले तेबी येत नाही.

घरातल्या संगणकांना त्यांनी गावांची नावं दिली होती. यावरून माझा जो गोंधळ झाला तो सांगायलाच हवा. एकदा बसला निघाले होते, तर काका फाटकापाशी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "कळमेश्वर बंद आहे आज." आमच्या कारखान्यातला अर्धा माल कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतून यायचा. मी बसमध्ये सगळ्यांना सांगितलं की कळमेश्वर बंद आहे. दुपारपर्यंत ते आमच्या साहेबांपर्यंत गेलं, साहेबांनी फोन करकरून विचारलं, तिकडच्या लोकांनी विचारलं, का बंद? कुणी पुकारलाय? संध्याकाळी कळलं की कळमेश्वर म्हणजे प्रज्ञाचा लॅपटॉप, आणि त्याचा चार्जर जळाला होता. व्हरांड्याच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली झाकलेला, कधीच मेलेला मोठा संगणक तो खापरखेडा. माझा लॅपटॉप त्यांच्या वायफायला जोडला त्या दिवशी त्यांनी मला न विचारता त्याचं नाव हिंगणा ठेवून टाकलं.

खापरखेड्याची गोष्ट अशी. प्रज्ञा शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा शहरातला एक छापखाना बंद पडत होता, त्याचा पानं जुळवायचा संगणक काकांनी घरी आणला. त्यावर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकली. त्यांचा एक मित्र तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा, त्याला ध्वनीतलं कळायचं. दोघांनी काकूंना बसवून अक्षरं, जोडाक्षरं, हेल, सगळं बोलून घेतलं, आणि लिहिलेलं बोलणारा एक प्रोग्राम तयार केला. काकू सांगायच्या, पंखा बंद करून बसवत होते मले, आवाज येते म्हनून. एक महिना नुसतं क-का-कि-की करत होती मी.

पुढे तो मित्र वारला. मग खापरखेड्याची डिस्क गेली आणि प्रोग्राम ज्यातून बनवला होता ते मूळ लिखाण गेलं. उरली ती सीडीवर काढून ठेवलेली तयार प्रत. ती चालवता येत होती, पण आत काय लिहिलंय ते बदलता येत नव्हतं. शेवटी खापरखेडाच मेला, आणि तसले संगणक बाजारात मिळेनासे झाले. नव्या लॅपटॉपवर ती प्रत टाकली की एकच निरोप यायचा, ही फाईल चालवता येत नाही.

का येत नाही, हे मी एकदा काकांना विचारलं. मला वाटलं सोपं उत्तर असेल. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि सांगितलं की प्रत्येक प्रोसेसरला त्याच्या त्याच्या हुकमांची भाषा असते, छापखान्याच्या संगणकाची वेगळी होती. मी समजल्यासारखं करून म्हटलं, म्हणजे हा वेगळ्या जातीचा प्रोसेसर.

"जात नाही म्हनायचं या घरात," काका म्हणाले. रागाने नाही, सहज. "बोली म्हन. त्याची बोली वेगळी आहे."

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली काकांच्या वडिलांचा फोटो. छप्पन्न साली दीक्षाभूमीवर ते पांढरे कपडे घालून आले होते, कळमेश्वरजवळच्या एका खेड्यातून, चालत. मी ओशाळले. त्या दिवसापासून मीही बोली म्हणू लागले.

तर त्या जुन्या बोलीतला प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर चालावा म्हणून काकांनी एम्युलेटर बसवला होता. ते त्याला दुभाष्या म्हणायचे. तो जुन्या बोलीतला एकेक हुकूम ऐकतो, नव्या बोलीत करून प्रोसेसरला सांगतो. इथवर मला कळलं. पण काकांना खरं अप्रूप होतं ते पुढच्याचं. दुभाष्याला दर वेळी हाक मारावी लागत नव्हती. लिनक्सला एकदाच सांगून ठेवायचं, ज्या फाईलची सुरुवातीची अक्षरं अशी अशी असतील ती गुपचूप दुभाष्याकडे सोपव. मग प्रज्ञाने नेहमीसारखं बटण दाबलं की प्रोग्राम नेहमीसारखा सुरू. तिला काही वेगळं करायला नको, आणि प्रोग्रामलाही पत्ता नाही.

"त्याले माहीतच नाही की तो दुसऱ्याच्या घरात आहे," काका सांगायचे. येईल त्याला सांगायचे. गॅसवाल्यालाही सांगितलेलं मी ऐकलंय. "दारात कोनी त्याले विचारत नाही, तू कोन, कुठचा. आला, बसला, कामाले लागला." हे बोलताना त्यांचा आवाज जरा बदलायचा, आणि ते संगणकाबद्दल बोलतायत की आणखी कशाबद्दल, हे मला कधीच नक्की कळलं नाही.

एकदा प्रज्ञाने हे चालू असतानाच टाइप करायला घेतलं. आम्ही थांबलो. काकूंच्या आवाजात आलं, "विचारते ना, बाबा. सुरुवातीची अक्षरं वाचते म्हनजे विचारलंच."

काकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "विचारते. पन हाकलत नाही."

त्यावर प्रज्ञा हसली. ती हसायची तेव्हा तिचा स्वतःचा आवाज यायचा, जाडसर, खोल, काकूंच्या आवाजाशी काही संबंध नसलेला.

मी रिकामी असले की तिच्याशेजारी बसायची. ती मला पुस्तकं सुचवायची, मी कारखान्यातल्या गमती सांगायची. एकदा तिच्या पडद्याकडे पाहत असताना मला काहीतरी खटकलं. तिने लिहिलं होतं, "मला तहान लागली." लॅपटॉप म्हणाला, "मले तहान लागली." मला वाटलं, मी वाचताना चुकले. पुढचं वाक्य नीट पाहिलं. लिहिलं होतं, "माझं पुस्तक तुझ्याकडे आहे का?" ऐकू आलं, "माहं पुस्तक तुह्याकडे आहे का?" मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, भुवया उंच करून. जणू म्हणत होती, हं, आलं लक्षात?

काकांना विचारलं तर ते खूश झाले. हो, तसा नियम त्यांनीच घातला होता आत. पोरगी शाळेच्या पुस्तकातून लिहायला शिकली, पुस्तकात 'मला' असते, पन घरात कोन 'मला' म्हनते? पोरीनं घरच्यासारखं बोलावं. मी विचारलं, तो नियम काढता येतो का. ते म्हणाले, मूळ लिखाणच नाही तर काढायचा कुठून, आणि काढायचा कायले? त्यांना माझा प्रश्न कळला नाही, आणि मला तो का विचारावासा वाटला हे मलाही नीट सांगता आलं नाही. मी मला-वाली होते, कदाचित म्हणून असेल.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात प्रज्ञाने एका प्रकाशनसंस्थेकडे मुद्रितशोधनाच्या कामासाठी अर्ज केला. घरून करायचं काम. त्यांनी पाठवलेली चाचणी तिने केली, आणि मुलाखतीसाठी व्हिडिओवर बोलू या असं कळवलं गेलं. घरात आनंद झाला. काकूंनी तिला दोन कुर्ते दाखवले, तिने डोळ्यांनी निळा निवडला. मग ती म्हणाली, अर्थात काकूंच्या आवाजात, की मुलाखतीला ती मोबाइलमधला तयार आवाज वापरणार आहे.

काकांनी विचार न करता नाही म्हटलं. त्यांनी विचार न करता काही म्हटल्याचं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. तो आवाज बाजारचा आहे, ते म्हणाले. कोनाचाच नाही. स्वतःचा आवाज घरात असताना बाहेरचा कायले?

प्रज्ञाने वाद घातला नाही. दोन दिवसांनी सकाळी तिचा आवाज बंद पडला.

लॅपटॉप चालू होता, पडदा चालू, अक्षरं उमटत होती. बोलत काही नव्हतं. काकांनी प्रोग्राम हाताने सुरू करून पाहिला, तर तोच जुना निरोप, ही फाईल चालवता येत नाही. नवीन अपडेट आलं असेल, त्यानंच घोळ केला, असं पुटपुटत ते बसले, आणि दुपारपर्यंत घाईघाईत त्यांनी लॅपटॉपवरचं सगळं पुसून लिनक्स पुन्हा नव्याने टाकलं. दुभाष्या बसवला, त्याची नोंद केली, सीडीवरून प्रत घेतली. प्रोग्राम सुरू झाला. प्रज्ञाने एक शब्द लिहिला आणि आवाजाऐवजी खरखर आली. रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये अडकल्यावर येते तशी, कान फाटतील अशी.

पुढचे काही दिवस त्या घरात जे चाललं ते आजही नीट मांडता येत नाही. काका दिवसभर खरखर ऐकत बसायचे. प्रज्ञाने मोबाइलवर तयार आवाज घेतला होता आणि ती त्यात बोलायची. चांगला होता तो, स्पष्ट, तरुण, जरासा सपाट. "बाबा, मला पाणी देता का?" काका हलायचेच नाहीत. न ऐकल्यासारखं करायचे असं नव्हे, त्यांना खरोखरच ती हाक पोचत नव्हती. एकदा त्यांनी मान वर करून मलाच विचारलं, "कोन आलं आहे?"

मग मोबाइल काकूंना सांगायचा, "आई, बाबांना सांग पाणी हवंय." काकू सांगायच्या, आणि आता काका झटकन उठायचे. त्यांना ज्या आवाजाची सवय होती त्यात निरोप आला होता. काकूंना हे कळत होतं की नाही कोण जाणे. त्या मला जिन्यात म्हणाल्या, "मीच बोलते तर म्हने पोरगी बोलली, पोरगी बोलते तर म्हने कोन बोललं. मले तर काही समजून नाही राहिलं."

मला तरी कुठे समजत होतं. मुलाखत जवळ आली होती. मी प्रज्ञाला विचारलं, आता काय करायचं? मोबाइल म्हणाला, "थांबू." एवढंच.

काकांना खरखरीचं कारण शेवटी सापडलं, आणि कसं ते त्यांनी मला आनंदाने सांगितलं होतं. खरखर ऐकता ऐकता त्यांना जाणवलं की ती सलग नाही. वाक्य लहान असेल तर खरखर लहान, मोठं असेल तर मोठी, मध्ये स्वल्पविराम असेल तर मध्ये दम घेणारी. म्हणजे आत आवाज होता, वाचणारा चुकत होता. जुना संगणक आवाजाचे आकडे एका क्रमाने लिहायचा, नवा उलट्या क्रमाने वाचत होता. जुना बारा लिहायचा आणि नवा एकवीस वाचायचा. ऐकवणाऱ्या प्रोग्रामला हे सांगायची एक सूचना पूर्वी त्यांनीच केली होती, ती पुसण्यात गेली होती. त्यांनी ती परत लिहिली आणि सगळ्यांना हाका मारल्या.

शनिवारची दुपार होती, माझी सुट्टी. मी खाली आले. काकू आत कणीक मळत होत्या. काकांनी लॅपटॉप प्रज्ञाच्या पुढ्यात ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग बोट हलायला लागलं.

काकूंचा आवाज आला, स्वच्छ, वीस वर्षांपूर्वीचा. "बाबा, मीच काढलं होतं."

आतून काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "म्या काय काढलं?" त्यांनी विचारलं.

कुणी हसलं नाही. काकांनी डोळे उघडले. त्यांना हळूहळू समजत गेलं तसं मलाही समजत गेलं, की अपडेटने काही बिघडवलं नव्हतं. प्रज्ञानेच सकाळी उठून दुभाष्या काढून टाकला होता. याच लॅपटॉपवर मोठी झालेली मुलगी, तिला ते काही अवघड नव्हतं.

"काहून?" काकांनी विचारलं.

पुन्हा बोट. पुन्हा आम्ही सगळे उभे. "मी बोलली की लोक आईकडे पाहतात."

मी स्वतः पहिल्या दिवशी तेच केलं होतं. काकू खुर्चीवर बसल्या, पिठाचे हात तसेच मांडीवर. त्या हळू म्हणाल्या, मले तर वाटे, माहं काहीतरी तुले दिलं.

"दिलं ना," त्यांचाच आवाज त्यांना म्हणाला. "आता मले माहं पाहू दे."

काका बाहेर गेले आणि कूलरमध्ये पाणी भरायला लागले. नळी लावून उभे राहिले. पाणी भरून वाहायला लागलं, व्हरांड्यातून पायऱ्यांवर आलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मी जाऊन नळ बंद केला. ते तसेच ओल्या पायांनी आत आले आणि प्रज्ञासमोर उकिडवे बसले.

"तुले मनात 'मला' म्हनायचं असते?"

प्रज्ञाने हो-चा हुंकार दिला.

"लहानपनापासून?"

पुन्हा हो.

"मले कोनी सांगतलं काहून नाही?" हे त्यांनी तिला विचारलं, काकूंना की मला, कळलं नाही. ते अगदी हरवल्यासारखे एकेकीकडे पाहत होते.

काकू म्हणाल्या, "सांगेल कशी ते? सांगतलं तरी तुम्हाले 'मले'च ऐकू येत होतं."

मी वर निघून आले. जिन्यात मला वाटलं की आत काहीतरी फार मोठं घडलंय, आणि ते नेमकं काय हे मला धड सांगता येणार नाही.

पुढचे दोन दिवस काका पुन्हा लॅपटॉपला चिकटले. मला वाटलं, रुसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. प्रोग्रामचं मूळ लिखाण नव्हतंच, पण त्यांनी तयार फाईल उघडून तिच्या पोटात शोध घेतला होता. आत कुठेतरी मले हा शब्द अक्षरांच्या आकड्यांत बसलेला सापडला. त्यातली मात्रा खोडून त्यांनी तेवढ्याच जागेत काना बसवला. एक बाइट इकडे नाही, तिकडे नाही. माहं, तुह्याकडे, तुले, सगळे असेच शोधून बदलले होते. प्रज्ञाने लिहिलं, मला चहा हवा. काकूंचा आवाज म्हणाला, "मला चहा हवा."

स्वयंपाकघरातून खऱ्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, मी तर पुन्याची झाली."

प्रज्ञा इतकी हसली की काकूंना येऊन तिची मान सावरावी लागली. काकाही हसले. तिने त्या दिवशी सगळं बोलणं त्याच आवाजात केलं, उगाच प्रत्येक वाक्यात 'मला' घालून. आणि मुलाखतीला मोबाइलचा आवाज घेतला. काका काही म्हणाले नाहीत. त्यांनीच मोबाइल लॅपटॉपला जोडून दिला, आवाज तपासला, आणि व्हरांड्यात जाऊन बसले.

मी कॅमेऱ्याबाहेर तिच्याशेजारी होते, काही अडलं तर. पडद्यावर दोन स्त्रिया आणि एक गृहस्थ. त्यांनी चाचणीतल्या एका वाक्याबद्दल विचारलं, तिने तिथला अनुस्वार का काढला ते समजावलं. तिला वेळ लागत होता, पण ते थांबले. कुणीही तिच्यावरून नजर काढून दुसरीकडे पाहिलं नाही. पाहायला दुसरं कुणी नव्हतंच. शेवटी त्यातल्या एक बाई म्हणाल्या, तुमचा आवाज छान आहे. प्रज्ञाने लिहिलं, "नवीन आहे." त्यांना ते कळलं नसावं, पण त्या हसल्या.

मी बाहेर आले तेव्हा काका जागेवरून उठले. दार नीट लागत नसे, आतलं सगळं त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी मला हळूच विचारलं, "ते पोरगी बरी बोलत होती वं. आपलीच होती ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

काम तिला मिळालं. पुढच्या वर्षी मी नोकरी बदलून पुण्याला आले. येताना काकांनी माझ्या लॅपटॉपचं नाव बदलून देऊ का विचारलं, मी नको म्हटलं. अधूनमधून फोन व्हायचे. काकू सांगायच्या, प्रज्ञाचं काम वाढलंय, नातेवाइकांच्या लग्नपत्रिकाही आता तिच्याकडे तपासायला येतात. जुना प्रोग्राम काकांनी पुसला नव्हता. काकूंनीच पुसू दिला नव्हता म्हणे. कुणी तो सुरू करत नसे, पण केला असता तर चालला असता.

गेल्या हिवाळ्यात कारखान्याच्या जुन्या मैत्रिणीच्या लग्नाला नागपूरला गेले तेव्हा एका सकाळी त्यांच्याकडे गेले. काका व्हरांड्यात उन्हात बसले होते, पुष्कळ थकलेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, त्यामुळे मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मी शेजारी बसले. त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं की पोरगी आजकाल आवाज बदलत राहते. नवा आला की लावून पाहते. मागच्या महिन्यात एक होता, तो त्यांना बरा वाटत होता, तोही काढला तिने. कामाला एक, मैत्रिणींशी बोलायला दुसरा. एकदा तर गंमत म्हणून पुरुषाचा लावला होता, काकू दचकल्या. मी विचारलं, मग तुमचा गोंधळ नाही होत?

ते उत्तर द्यायला वेळ घेत होते. तेवढ्यात आतून कुणीतरी काहीतरी म्हणालं. बारीक, जरा घाईतला, मी कधीच न ऐकलेला बाईचा आवाज. मला वाटलं, शेजारची कुणी आली असेल, किंवा टीव्ही लागला असेल, आणि मी मान वळवून दाराकडे पाहत राहिले.

काका खुर्चीचा हात धरून उठले होते. "आलो, प्रज्ञा," म्हणत ते आत गेले.